बाबांना सिलिकोसिस निघालाय, काम सोडून 6 वर्षं झालीत, भरपाई मागता येईल का?

बाबांनी 19 वर्षं दगड कापायच्या मशीनवर काम केलं. सगळं कोरडंच कापायचे, पाणी नाही, मास्क नाही, तोंडाला फक्त रुमाल. दोनेक वर्षं झाली जिना चढला तरी दम लागतो, आधी टीबी समजून औषधं दिली, खोकला तसाच राहिला, आता छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन बघून सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार सांगितलाय. कंपनीत गेलो तर म्हणे इतक्या वर्षांनी कसला क्लेम, आणि सिगारेट ओढायचे ना ते, मग त्यानेच झालं असणार. आता काय करू?

युनियनवाला
सिगारेटने सिलिकोसिस होत नाही, तो होतो दगडातल्या सिलिका नावाच्या खनिजाच्या धुळीनेच. पण सिगारेटने दमाचे दुसरे आजार होतात आणि ते लोक सगळा दम त्यावरच ढकलणार, म्हणून डॉक्टरांकडून आजाराचं नाव आणि तो कामाच्या धुळीमुळे झालाय हे दोन्ही लेखी घ्या. नुसतं 'फुफ्फुसाचा आजार' लिहिलेलं चालत नाही.
6 वर्षांचं टेन्शन घेऊ नका. हा आजार बहुतेकदा 10 वर्षं किंवा जास्त धूळ खाल्ल्यावर दिसतो, आणि काम सोडलं तरी वाढत राहतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा कॅन्सर तर 20-40 वर्षांनी निघतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी मुदत आजार कळल्या तारखेपासून मोजतात. पण मुदत असते हे नक्की, कधी कधी फार कमी असते, तेव्हा रिपोर्टची तारीख घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा.

ओपीडीतून
मी डॉक्टर आहे. केस सगळ्यात जास्त अडकते ती कामाच्या इतिहासावर. बाबांजवळ बसून वर्षावार लिहून काढा, कुठलं मशीन, कुठला दगड, दिवसाला किती तास, शेड बंद होती की उघडी, धूळ ओढणारा पंखा होता का, सोबत कोण होतं. आज त्यांना आठवतंय तोवर लिहा, दम वाढला की बोलणंही जड जातं. एक्सरे आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) पद्धतीने वाचून घ्या, त्यात डागांची ग्रेड ठरते, आणि फुंकायची टेस्ट पण करा, स्पायरोमेट्री म्हणतात ती. टीबीचे जुने कागद टाकू नका, सिलिका असलेल्या फुफ्फुसाला टीबी लवकर धरतो, त्यामुळे दोन्ही एकदम असू शकतात, तेव्हा थुंकीचे रिपोर्ट पण शोधा.

धाकटी
माझा भाऊ गाड्यांना स्प्रे पेंट मारायचा, त्या रंगातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनाने त्याला दमा झाला. कंपनीने थोडे पैसे देऊन एका कागदावर सही घेतली, घरात अडचण होती म्हणून त्याने केली. नंतर कळलं की पुढे काहीच मागणार नाही असं त्यात लिहिलेलं. प्लीज कुठल्याही कागदावर वकिलाला न दाखवता सही करू देऊ नका, मला अजून राग येतो त्या दिवसाचा.

प्रश्न विचारणारा
सगळ्यांचे खूप आभार. आईने आत्ता जुनं ओळखपत्र आणि पगाराच्या 11 स्लिपा काढून दिल्या. बाबा म्हणाले सोबतच्या तिघांपैकी दोघं अजून खोकतात, त्यांनी एक्सरे काढलेलाच नाही. उद्या सकाळी आधी त्यांच्याकडे जातो.