‘आउटबिड’ला मराठीत काय म्हणायचं: बोली चढवणे की बोलीत मात करणे?

धागाकर्ता
‘आउटबिड’ म्हणजे समोरच्यापेक्षा जास्त बोली लावणे. त्याला ‘बोलीत मात करणे’ म्हणणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. मात झाली की डाव संपला. लिलावात तसं नसतं. कुणी ५०,००० म्हणालं, तुम्ही ५१,००० म्हणालात, की तुम्ही बोली चढवलीत. समोरचा लगेच ५२,००० म्हणू शकतो. मालविक्री कायदा १९३०, कलम ६४ नुसार हातोडा पडेपर्यंत किंवा तशी रूढ खूण होईपर्यंत विक्री पुरी होत नाही, तोवर आपली बोली मागेही घेता येते. ई-लिलावाच्या पडद्यावर ‘तुमच्यावर मात झाली’ असं झळकलं तर माणूस उठून जाईल आणि उरलेला वेळ फुकट जाईल. तिथे सरळ लिहावं, ‘तुमच्यापेक्षा चढी बोली आली आहे.’

प्रतिसाद १
पडद्यापुरतं मान्य, बातमीत नाही. नोव्हेंबर २०२४ चा जेद्दातला आयपीएल लिलाव घ्या. ऋषभ पंतवर लखनौची २०.७५ कोटींची बोली सर्वांत वर होती. दिल्लीने ‘राइट टू मॅच’, म्हणजे तेवढीच रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क, वापरला. नियमाप्रमाणे लखनौला रक्कम वाढवायची एक संधी मिळाली. त्यांनी एकदम २७ कोटी सांगितले आणि दिल्लीने हात आखडता घेतला. म्हणजे लखनौने चढवली ती स्वतःचीच बोली, हरवलं मात्र दिल्लीला. नुसतं ‘बोली चढवली’ म्हटलं तर कुणाला हरवलं ते कुठे आलं?

प्रतिसाद २
त्याआधी निविदा आणि लिलाव वेगळे करा. रस्त्याच्या कामाच्या निविदेत पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. तिथे ‘चढी बोली लावून कंत्राट पटकावलं’ लिहिणं म्हणजे अर्थ उलटा करणं. तिथे ‘कमी दर भरला’ हेच बरोबर.

दुसरं, चढी बोली म्हणजे वस्तू हाती आली असंही नाही. सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँक थकबाकीदाराचं घर विकते तेव्हा सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. बाकीची विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदतवाढ हवी तर ती लेखी लागते. बाकी थकली तर भरलेले पैसे जप्त आणि घर पुन्हा विक्रीला. मग मात कुणी कुणावर केली?

धागाकर्ता
निविदेचा मुद्दा शंभर टक्के पटला. पंतच्या बातमीत मी ‘लखनौने बोली चढवून दिल्लीला मागे टाकलं’ असं लिहीन. हरवलेला पक्षही आला आणि ‘मात’ही टळली.

प्रतिसाद १
म्हणजे एका क्रियापदाचं काम दोन क्रियापदांनी केलंत. मथळ्यात तेवढी जागा नसते. हातोडा पडल्यानंतरच्या बातमीत ‘मात’ लिहायला मला अजूनही काहीच अडचण दिसत नाही.