शब्दचर्चा: ‘शाश्वत’ गाव म्हणजे नक्की कसलं?

माणदेशी:
मंडळी, एका शब्दावर अख्खी बैठक अडली, म्हणून इथे आलोय.

आम्ही पाच-सहा जण गावोगाव ‘2050 चं गाव’ नावाची बैठक घेतो. ग्रामपंचायतीच्या आराखड्याला हल्ली शाश्वत विकासाच्या ध्येयांची जोड द्यावी लागते. लोकांनी पंचवीस वर्षं पुढचं काहीतरी डोळ्यांपुढे आणावं, एवढाच आमचा हेतू. तक्त्यावर मीच लिहिलेलं वाक्य होतं: ‘तंत्रज्ञानाच्या मदतीने आपले गाव शाश्वत कसे होईल?’ माण तालुक्यातल्या एका गावात हा तक्ता देवळाच्या भिंतीला टेकवला. वीस-बावीस माणसं बसलेली, पाच मिनिटं कुणी तोंड उघडेना. शेवटी खांबाला टेकलेले एक आबा म्हणाले, “शाश्वत म्हंजी कायमचं ना? कायमचं कोण ऱ्हायलंय सायेब?” बचत गटाच्या एक ताई त्यावर म्हणाल्या, “पावसाची शाश्वती न्हाय, तर गावाची कुठनं आणायची?” सगळे हसले, मीही हसलो. बैठक मात्र तिथेच आटोपायच्या बेतात होती.

मग ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, ‘नातवंडांना विहीर पुरेल का?’ त्यानंतर तासभर कुणी कुणाला बोलू देईना. एकाने खडू घेऊन फरशीवरच उभ्या रेघा ओढल्या. वडिलांच्या वेळची विहीर 40 फूट, त्याची स्वतःची 70, भावाचं बोअर 450. चौथी रेघ ओढायला गेला तर फरशी संपली.

माझा प्रश्न असा: ‘शाश्वत’ हा शब्द इथे बसतो का? नसेल तर दुसरा कोणता? टिकाऊ, चिरस्थायी, धारणाक्षम, संधारणक्षम असे सगळे कागदोपत्री पाहिलेत. बोलताना यातला एकही ऐकलेला नाही.

जुनी वही:
आधी व्युत्पत्ती. संस्कृतात ‘शश्वत्’ म्हणजे वारंवार, निरंतर, त्यापासून ‘शाश्वत’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो’ हे आत्म्याचं वर्णन आहे, म्हणजे मुळात हा न मरणाऱ्याचा शब्द. वाल्मीकींच्या ‘मा निषाद’मध्येही ‘शाश्वतीः समाः’ आहे: तुला अनंत वर्षं प्रतिष्ठा मिळणार नाही, असा पारध्याला शाप. तेव्हा आबांना हा शब्द देवाघरचा वाटला यात त्यांची काही चूक नाही.

मला मजा वाटली ती तुमच्या बचत गटाच्या ताईंची. बोलीत ‘शाश्वती’ जवळजवळ नेहमी ‘नाही’चा हात धरून येते. पावसाची शाश्वती नाही, नोकरीची नाही, उद्याची नाही. ‘शाश्वती आहे’ असं म्हणणारा माणूस मी तरी विमा एजंटांखेरीज पाहिलेला नाही. जो शब्द घरात कायम नकारातच वापरला जातो, तो तक्त्यावर होकारात लिहिल्यावर माणसं गप्प होणारच.

पाटावरचा:
वहीताई, एक भर घालतो. सरकारी कागदात ‘शाश्वत’चा आणखी एक अर्थ रुळलाय, तो म्हणजे ‘खात्रीचं’. ‘शाश्वत सिंचनाची सोय’ म्हणजे पाणी हमखास मिळणार. पाणी न संपता पिढ्यान्पिढ्या पुरेल असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. हे दोन अर्थ कित्येकदा एकमेकांच्या उरावर बसतात. पाण्याची खात्री झाली की माणूस काय लावतो? ऊस. दहा वर्षांनी तळ दिसतो. पहिल्या अर्थाने शाश्वत, दुसऱ्या अर्थाने सत्यानाश, आणि शब्द एकच!

श्टुटगार्टकर:
इथल्या भाषेतला शब्द सांगतो, कारण त्याचा जन्म अगदी जमिनीवरचा आहे. जर्मनमध्ये ‘नाखहाल्टिश’ म्हणतात. ‘नाख’ म्हणजे नंतर, ‘हाल्टन’ म्हणजे धरणं. नंतरही धरून राहील असं. हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ हा सॅक्सनीतल्या खाणींचा अधिकारी. चांदी वितळवायला लाकूड लागायचं आणि जंगलं संपत आली होती. 1713 साली त्याने वनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की जेवढं उगवतं तेवढंच तोडा. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाने 1987 साली ‘आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची क्षमता न गमावणारा विकास’ अशी व्याख्या केली, तिच्या पावणेतीनशे वर्षं आधी.

या शब्दात अमरत्व नाही, हिशेब आहे. आपला ‘धारणाक्षम’ही ‘धृ’ म्हणजे धरणं यावरूनच आलाय. अर्थाने सर्वात जवळचा तोच. पण सासूबाईंना फोनवर ‘धारणाक्षम जीवनशैली’ म्हटलं तर त्या विचारतील, ब्लडप्रेशरची गोळी घेतली का?

दिखाऊ-टिकाऊ:
एवढं सगळं कशाला? ‘टिकाऊ’ घ्या. टिकणे या क्रियापदाला ‘आऊ’ प्रत्यय, जसं विकाऊ, लढाऊ, शिकाऊ. शुद्ध मराठी आणि शेंबड्या पोरालाही कळणारा.

जुनी वही:
टिकाऊ कळतो हे खरं, पण कळतो तो चपलेच्या दुकानात. टिकाऊ म्हणजे वस्तू टिकते. प्लॅस्टिकची पिशवी तर सर्वात टिकाऊ, शेकडो वर्षं हलत नाही! आपल्याला हवंय ते उलटं: वापर असा की ज्याच्यातून घेतो ते टिकावं. शिवाय ‘टिकाऊ शेती’ म्हटलं की मला गॅरंटी कार्ड आठवतं. तुमच्या नावातली जोडी मात्र अर्धीच बरोबर आहे. टिकाऊची खरी जोडी लावायची तर ‘उडाऊ’शी लावा, मग काहीतरी निघेल.

दिखाऊ-टिकाऊ:
उडाऊ! हे डोक्यात आलं नव्हतं. उडाऊ माणूस असतो, वस्तू नसते. म्हणजे दोष वापरणाऱ्याकडे. बरं, मान्य.

सोलरवाला:
मी सौर पंप बसवतो, त्यामुळे ‘तंत्रज्ञानाच्या मदतीने’ या अर्ध्या वाक्याबद्दल बोलतो.

आमच्याकडे शब्दांची गंमतच आहे. केंद्रातलं खातं 2006 पर्यंत ‘अपारंपरिक ऊर्जा स्रोत’ मंत्रालय होतं. म्हणजे कोळसा पारंपरिक आणि ऊन अपारंपरिक! आमची आजी पापड काय बॉयलरवर वाळवत होती का? मग ‘नवीकरणीय’ आलं. ते ग्राहकासमोर उच्चारताना माझी जीभ अजून अडखळते. त्यातल्या त्यात ‘अक्षय ऊर्जा’ लोकांना पटकन कळतं, कारण अक्षय्य तृतीया घरात आहे. शेतकरी मात्र यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो ‘सोलर’, आणि सोलर म्हणजे त्याच्या लेखी ‘रात्रीचं दारं धरणं सुटलं’.

शहरातल्यांसाठी सांगतो. सरीत पाणी सोडायचं, ती भरली की मातीचं तोंड बुजवून पुढच्या सरीचं उघडायचं, याला दारं धरणं म्हणतात. शेतीला वीज आठ तास, त्यातही बऱ्याचदा रात्रीची. म्हणजे थंडीत पहाटे दोन वाजता, बॅटरी काखेत धरून, चिखलात अनवाणी. सापही तिथेच. त्यामुळे पहिल्या दिवशी सूर्यावर पंप सुरू होतो तेव्हा त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं असतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला 10 टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात.

आता दुसरी बाजू, जी विकताना मी सांगत नाही, पण इथे सांगतो. वीजबिल नाही, लोडशेडिंग नाही, म्हणजे थांबायला कारणच नाही. ऊन आहे तोवर पंप चालू. एका पाव्हण्यांकडे पाणी बांधावरून ओढ्यात चाललं होतं. विचारलं, तर म्हणाले, “फुकटचं हाय की!” ऊन फुकटचं आहे हो, पाणी कुठे फुकटचं आहे? ऊर्जा अक्षय आणि विहीर क्षयी. पाटावरचा यांनी सांगितलेला उसाचा किस्सा म्हणजे हाच, फक्त आता पॅनल लावून.

जुनी वही:
सोलरवाला, तुम्ही ‘अक्षय’ म्हणालात आणि द्रौपदीची थाळी आठवली. ते अक्षयपात्र वनवासात पांडवांना दिलं कोणी? सूर्याने! आणि अट काय होती? द्रौपदी जेवेपर्यंतच अन्न निघायचं. ती जेवली की त्या दिवसापुरतं पात्र रिकामं. म्हणजे आपल्या कथेतलं ‘अक्षय’सुद्धा रोजच्या मर्यादेचं आहे. ‘अमर्याद’ हा अर्थ आपण मागाहून चिकटवला.

सोलरवाला:
ताई, हे मी उद्यापासून ग्राहकांना सांगणार. सूर्याचं पहिलं मॉडेल, स्टोरेज नसलेलं.

पाटावरचा:
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. या मर्यादेसाठी मराठीत शब्द आहेत, फक्त ते विशेषणात नसून व्यवहारात आहेत. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे, जुनी, बंधाऱ्याच्या पाण्याची. यंदा पाणी किती त्यावर कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, काय लावायचं ते ठरायचं, आणि पाणी देणारा पाटकरी वेगळा. स्वतःच्या शेताचं दार स्वतः उघडायचं नाही! पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणशी ठरला, आणि उसाला पाणी नाही. हिवरे बाजारची कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द सर्वांना माहीत आहेत. तिथे दरवर्षी ‘पाण्याचा ताळेबंद’ मांडतात. ताळेबंद हा दुकानदाराच्या वहीतला शब्द, आणि लोकांनी तो पाण्याला किती सहज लावला बघा. शेतीला बोअर नाही, आणि पाऊस कमी झाला तर पिकं बदलायची.

यात ‘शाश्वत’ कुठेही नाही. बंदी आहे, वाटा आहे, ताळेबंद आहे.

माणदेशींना एक सुचवणी. 2050 च्या चित्रात सेन्सर, मोबाइलवरून चालणारा पंप, सगळं येऊ दे. पण तो सेन्सर पाटकऱ्यासारखा सगळ्यांचं काम करणार की एकट्या मालकाचं, हे आधी विचारा. विहिरीची पातळी मोजणारं यंत्र एकट्याच्या फोनवर आकडा दाखवत असेल, तर तो शेजाऱ्याच्या आधी उपसणार. तोच आकडा पंचायतीच्या फळ्यावर गेला तर ताळेबंद.

बोहारीण:
तुम्ही सगळे पाण्यात, मी जरा भांड्यांकडे नेते. ‘मोडीत काढणे’ आपण आज हेटाळणीने म्हणतो. मूळ अर्थ तसा नव्हता. जुनं पितळी पातेलं दुकानात दिलं की त्याचं वजन करून किंमत नव्या भांड्यातून वजा व्हायची. ती ‘मोड’. मोड म्हणजे फुकट गेलेलं नव्हे, किंमत शिल्लक असलेलं. आज पाठ्यपुस्तकात ‘पुनर्चक्रीकरण’ आहे. मुलीला तोंडी परीक्षेत हा शब्द विचारला होता. तिने उत्तर बरोबर दिलं आणि घरी येऊन पाणी प्यायली. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 साली झाली, तिचं नाव बघा: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एकाही शब्दाला कोश लागत नाही.

फोनचं मात्र काय करायचं? माझा बिघडला तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, बॅटरी चिकटवलेली असते, खोलला तर स्क्रीन जाईल. नवीन घ्या.” जे उघडत नाही त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘नादुरुस्त’ म्हणजे बिघडलेलं. हे तर दुरुस्त होऊच नये म्हणून बनवलेलं.

श्टुटगार्टकर:
युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतोय, काही अपवाद सोडून. त्यासाठी मराठी शब्द माझ्याकडे नाही. ‘निर्दुरुस्त’?

जुनी वही:
‘निर्’ संस्कृत आणि ‘दुरुस्त’ फारसी, पण ‘नादुरुस्त’मधला ‘ना’ फारसीच आहे, तेव्हा तो आधीच व्यापला गेलाय. मी ‘बिनउघडं’ म्हणेन. कुणी हसलं तर हसू दे.

माणदेशी:
सगळ्यांचे आभार. हे वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की देवळात वाक्य बदलताना मी ‘पुरेल’ लिहिलं होतं, तेही न ठरवता. पुरणे, पुरवणे, पुरवठा. आई डाळीबद्दल म्हणते, “पुरवठ्याला येते.” पावसाळ्याआधी ‘पुरवून पुरवून वापरा’ हा आमच्या घरातला जप. त्याच्या शेजारी ‘बेगमी’ बसते. तीही फारसी ‘बे-गम’मधली, म्हणजे चिंता नसणं, असं वाचलंय. आणि सर्वात वर ‘पुरून उरणे’. आपल्याला पुरावं आणि पुढच्यासाठी उरावं. 1987 ची ती व्याख्या दोन शब्दांत बसते! तेव्हा नवा तक्ता: ‘2050 मध्ये आपलं गाव सगळ्यांना पुरून उरेल का?’

दिखाऊ-टिकाऊ:
आता माझी पाळी. ‘पुरून उरणे’ म्हणजे भारी पडणे. “तो एकटा दहा जणांना पुरून उरला.” शेजारच्या गावाने तक्ता वाचला तर भांडण लागेल. शिवाय ‘पुरणे’चा दुसरा अर्थ गाडणे. हंडा पुरून ठेवतात. आधी पुरणार, मग उरणार कोण?

जुनी वही:
आणि तिसरं पुरण पोळीतलं. तो शब्द मात्र भरण्याचा, त्याला यात ओढू नका.

माणदेशी:
खरंय, दोघांचंही. मग ‘पुरेल आणि उरेल’ असं सरळ सोडवून लिहितो. पेंटरला आत्ताच फोन केला. तो म्हणाला, “एवढंच? मागच्या वेळचं लय लांब होतं, शाश्वतचा ‘श्व’ दोनदा पुसावा लागला.”