मदत हवी आहे : दारू सोडलेल्या तबलजीवर जीव जडलाय

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय 31. तो तबलजी, दारू सोडून आठ महिने झालेत. ओळख देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकीत झाली, मग रंकाळ्यावरच्या फेऱ्या. (भेळ मी खाते, पैसे तो देतो.) रोज एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो. तिथले जुने लोक म्हणतात, पहिलं वर्षभर नवं नातं जोडू नका. आम्ही जोडून बसलोय!

आता गणपतीच्या सुपाऱ्या आल्यात. कार्यक्रम संपला की साथीदार 'बसायला' ओढतात. तो म्हणतो, "तू सोबत ये." म्हणजे मी राखणदार व्हायचं का? आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.

दारूच्या आहारी गेलेल्यांच्या घरच्यांसाठी, मित्रमंडळींसाठी अल-अ‍ॅनॉन हा गट असतो ना, तिथे कोल्हापुरात कुणी जाऊन आलंय का? लग्नाआधीच गेलं तर विचित्र दिसेल?