पाऊस-वाऱ्यात टर्की गप्प का होतात?

ओझार्ककर: अमेरिकेत मिझुरीत राहतो, एप्रिलच्या स्प्रिंग सीझनला, म्हणजे जंगली टर्की पक्ष्यांच्या शिकारीला, ऑफिसातल्या मित्राबरोबर पहिल्यांदाच गेलो. शनिवारी पहाटे नर झाडावरून नुसते ओरडत होते, रविवारी वारा सुटला आणि एकदम चिडीचूप. कुठे गेले सगळे?

जुना_शिकारी: कुठे जात नाहीत रे. वाऱ्यात त्यांना नीट ऐकू येत नाही, कोल्हा किंवा कायोटीची (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) चाहूल लागत नाही, मग टेकडीच्या आडोशाला, खोलगट जागी उतरतात. आणि ओरडले तरी तुला ऐकू येणार कसं! पावसात उलटं, जंगलात टपटप आवाज म्हणून मोकळ्या शेतात येऊन उभे राहतात, तिथे नजर लांबवर पोचते. मी तर रिमझिम असली की शेताच्या कडेलाच बसतो, भिजतो, बायको शिव्या घालते ते वेगळं.

पेनसिल्वेनियाची_ताई: धुकं असलं की झाडावरून उशिरा उतरतात, घाई करू नका. ढग गडगडला की नर दचकून ओरडतो, तेवढ्यात जागा कळते. पण विजा चमकायला लागल्या की सरळ गाडीत बसा!

ओझार्ककर: आणि थंडी लांबली तर त्यांच्या विणीचा सीझनच पुढे जातो का?

जुना_शिकारी: फारसा नाही, विणीचं मुख्य गणित दिवस मोठा होण्यावर असतं. गारठ्यात ओरडणं कमी होतं एवढंच.