पीअर-टू-पीअरमध्ये कोऑर्डिनेटर मधेच गायब झाला तर अडकलेल्या ट्रान्झॅक्शनचं काय करायचं?

गोदाम_नोड:
मध्यवर्ती सर्व्हर नाही. ७ गोदामं, प्रत्येकात एक नोड (नेटवर्कमधला एक संगणक), प्रत्येकाचा स्वतःचा एसक्यूलाइट डेटाबेस. एका गोदामातून दुसऱ्यात माल वर्ग करायला टू-फेज कमिट लिहिलंय (आधी सगळ्यांचं 'हो' किंवा 'नाही' मत, मग कमिट म्हणजे बदल पक्का करायचा, नाहीतर रद्द). व्यवहार कुठूनही सुरू करता येतो आणि जिथून सुरू होतो तो नोड कोऑर्डिनेटर, म्हणजे मतं गोळा करून निकाल कळवणारा. त्याचं नेट गेलं की दोन्ही टोकं 'तयार' अवस्थेत ('हो' म्हणून निकालाची वाट बघत) लटकतात आणि त्या मालाच्या नोंदी अडकून पडतात. म्हणून ३० सेकंदांनी आपोआप रद्द करायची सोय केली. आता कधीकधी एकीकडे माल वजा होतो, दुसरीकडे जमाच होत नाही. टाइमआउट वाढवू का?

लॉग_आधी:
वाढवू नका, काढूनच टाका. नोडने 'हो' असं मत देण्याआधी तो एकतर्फी रद्द करू शकतो. मत दिल्यावर तो हक्क संपला. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय: उगमाला कमिटचा निरोप पोचला, दुसऱ्या टोकाला पोचला नाही, आणि त्याने ३० सेकंदांनी परस्पर रद्द केलं.

अडकलेल्या नोडने आधी दुसऱ्या सहभागी नोडला विचारावं. त्याच्याकडे निकाल असेल तर तोच लावायचा. त्याने अजून मत दिलं नसेल तर त्याने 'नाही' नोंदवायचं, म्हणजे दोघेही रद्द करू शकतात. पण दोघेही 'हो' म्हणून बसले असतील तर कोऑर्डिनेटर परत येईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. थ्री-फेज कमिटच्या (मध्ये आणखी एक टप्पा घालणाऱ्या प्रकाराच्या) नादी लागू नका. नेटवर्कचे दोन तुकडे पडले की तेही चुकीचा निकाल देऊ शकतं.

खरा उपाय म्हणजे निर्णय एकाच मशीनवर न ठेवणं. ग्रे आणि लॅम्पोर्ट यांच्या पॅक्सॉस कमिटमध्ये प्रत्येक सहभागी नोडचं मत २फ+१ नोडवर नोंदवलं जातं (फ म्हणजे किती नोड बंद पडलेले चालतील). एक बंद पडला तरी चालायला ३ लागतात. कोऑर्डिनेटर गेला की दुसरा कोणीही जास्तीच्या बॅलट क्रमांकाने (मतदानाच्या फेरीचा क्रमांक) बहुमताला विचारून व्यवहार तडीस नेतो.

आणि एसक्यूलाइटचं सिंक्रोनस सेटिंग (लिखाण डिस्कवर पक्कं जाण्याची वाट कधी बघायची) तपासा. वॉल मोडमध्ये (राइट-अहेड लॉग, बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहिणं) वेगासाठी 'नॉर्मल' ठेवलं असेल तर वीज गेल्यावर शेवटची काही कमिट उडू शकतात. दिलेलं मतच विसरणारा नोड असेल तर वरचं सगळं पाण्यात. 'फुल' करा, आणि मत डिस्कवर गेल्यानंतरच निरोप पाठवा.

हळूहळू_जमा:
वरचं बरोबर आहे, पण माल वर्ग करायला एवढा फौजफाटा कशाला? दोन्ही टोकं एकाच क्षणी बदलायची गरजच नाही. 'वाटेत' असं एक खातं ठेवा.

उगम नोड एकाच लोकल ट्रान्झॅक्शनमध्ये साठा वजा करतो, 'वाटेत' वाढवतो आणि आउटबॉक्समध्ये (पाठवायच्या निरोपांच्या टेबलात) एक नोंद टाकतो. पोच येईपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा जातो: २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात, दर वेळी दुप्पट, कमाल ३० सेकंद, वर थोडा रँडम फरक, नाहीतर नेट आल्यावर सगळे एकदम तुटून पडतात. समोरचा नोड व्यवहाराचा आयडी इनबॉक्स टेबलात युनिक की (तोच आयडी दुसऱ्यांदा टाकू न देणारी) म्हणून टाकतो आणि साठा जमा करतो, तेही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. तोच निरोप दुसऱ्यांदा आला तर की आडवी येते, नोड फक्त जुनी पोच परत पाठवतो. आयडी एकदाच बनवायचा. दर प्रयत्नाला नवा बनवलात तर माल दोनदा जमा झालाच म्हणून समजा.

सगळे घसरतात ते रद्द करताना. पोच आली नाही म्हणून उगमाने माल परत जमा करून घ्यायचा नाही. निरोप पोचलेला असू शकतो. त्याच आयडीचा 'रद्द' निरोप पाठवा. समोरच्याच्या इनबॉक्समध्ये तो आयडी नसेल तर तो 'रद्द' म्हणून नोंदवतो, आणि मागून रेंगाळत आलेला मूळ निरोप त्याच कीला आपटून थांबतो. आयडी आधीच जमा असेल तर उत्तर 'जमा झालं', मग परत पाठवायचा तो नवा व्यवहार. 'रद्द'ची पक्की पोच आल्यावरच उगमाने 'वाटेत'मधून साठ्यात घ्यायचं.

गोदाम_नोड:
'वाटेत' खातं पटलं. पण किमतीचा तक्ता सगळ्यांकडे एकच लागतो, तिथे बहुमत लागेलच. त्या क्षणी चालू असलेल्या नोडचं बहुमत धरलं तर चालेल?

लॉग_आधी:
अजिबात नाही. ७ चे ४ आणि ३ असे तुकडे पडले की एकीकडे ४ पैकी ३, दुसरीकडे ३ पैकी २, दोन्हीकडे 'बहुमत'. बहुमत ठरलेल्या सदस्ययादीचंच, म्हणजे ४. आणि यादी बदलायची तर तो बदलही त्याच बहुमताने मंजूर व्हायला हवा. जुन्या बॅकअपवरून उभा केलेला नोड जुन्या ओळखीने आत घेऊ नका, त्याला आपली आधीची मतं आठवत नाहीत. नवी ओळख द्या, नवा सदस्य म्हणून घ्या.

हे सगळे तुमचेच नोड आहेत म्हणून एवढ्यावर भागतं. खोटं बोलणारा एक नोड सहन करायचा तर किमान ४ नोड आणि वेगळा प्रोटोकॉल लागतो.

हळूहळू_जमा:
टेस्ट करताना नुसती प्रोसेस मारून भागत नाही. प्रोसेस मेली तरी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) कॅशमधलं लिखाण नंतर डिस्कवर जातं, त्यामुळे सिंकची चूक झाकली जाते. व्हर्च्युअल मशीनची वीज तोडा: आउटबॉक्सची नोंद झाल्यावर, जमा झाल्यावर पण पोच जाण्याआधी, आणि 'रद्द' नोंदवल्यावर. नेट एकाच दिशेने तोडूनही बघा. सगळे निरोप पोचून शांत झालं की साठा अधिक 'वाटेत' यांची ७ नोडची बेरीज मालागणिक सुरुवातीइतकी भरायला हवी आणि 'वाटेत' शून्य.