साडेनऊ महिन्यांची लेक, वाटी संपतच नाही. नक्की किती भरवायचं?

लेकीची_आई:
नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे, उष्टावण झालं तेव्हापासून वरचं खाणं चालू आहे आणि अंगावरही पिते. आम्ही भांडुपला राहतो, पुढच्या महिन्यापासून माझं ऑफिस परत चालू होतंय, नरिमन पॉइंटला, म्हणजे सकाळी आठला निघाले की घरी यायला सात-साडेसात होणार. दिवसभर सासूबाई बघतील. त्या सगळं खूप प्रेमाने करतात पण खाण्यावरून आमचं एकमत होत नाहीये आणि मला जायच्या आधी हे नीट मार्गी लावायचंय.

सकाळी नाचणी सत्त्व, दुपारी वरणाचं पाणी आणि भात मिक्सरमधून अगदी पातळ फिरवून, संध्याकाळी तांदळाची पेज, असं आमटीची वाटी काठोकाठ भरून द्यायचं. लेक अर्धी वाटी कशीबशी खाते, मग तोंड फिरवते, ओठ घट्ट मिटून घेते, चमचा हाताने ढकलते. मग मोबाईलवर गाणी लावायची आणि ती बघत बसली की उरलेलं भरवायचं. वाटी संपते पण कधी कधी नंतर सगळं ओकून टाकते, मला ते बघवत नाही. सासूबाई म्हणतात शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा दोन वाट्या खातो आणि हिचं वजन वाढत नाहीये. नऊ महिन्यांच्या लसीच्या वेळी वजन ७.९ किलो भरलं, त्याआधीच्या दोन महिन्यांत अर्धा किलो वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, पण बाहेर इतकी गर्दी होती की बाकी काही विचारायचं राहूनच गेलं.

तर या वयात एका वेळी किती द्यायचं, दिवसातून किती वेळा? आणि दात दोनच आलेत, घट्ट दिलं तर चालेल का? कोणी नीट सांगाल का प्लीज.

मुलुंडची_ताई:
अगं सगळ्यात आधी तो शेजारचा मुलगा डोक्यातून काढून टाक. प्रत्येक बाळाची भूक वेगळी आणि एकाच बाळाची रोजची पण वेगळी. दात येत असतील, सर्दी असेल, उकाडा असेल तर आमचा मुलगा दोन घासांत उठायचा आणि दुसऱ्या दिवशी मागून मागून खायचा. एका वेळचं बघू नकोस, आठवडाभराचं बघ. आणि मोबाईल आत्ताच बंद कर गं, दीड-दोन वर्षांचं झाल्यावर ते सोडवताना फार हाल होतात, माझ्या बहिणीकडे बघतेय मी, मोबाईल नाही तर घास नाही अशी परिस्थिती आहे. बाकी मापाचं कोणीतरी जाणकार सांगेल.

आहाराचं_बोला:
मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या ओपीडीत बसते आणि हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ काढा.

आधी वजन. नऊ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन डब्ल्यूएचओच्या तक्त्यात ८.२ किलो आहे, तुमची ७.९ म्हणजे छान मधेच आहे. सहा महिन्यांनंतर वाढीचा वेग सगळ्याच बाळांचा कमी होतो, या वयात महिन्याला पाव किलोच्या आसपास वाढ ही नॉर्मल आहे. सासूबाईंना तो तक्ता लसीच्या कार्डावर दाखवा, तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ती रेघ बघितली की पटतं.

आता माप. सहा ते आठ महिने दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवात दोन-तीन चमच्यांनी आणि हळूहळू २५० मिलीच्या कपाच्या अर्ध्यापर्यंत. नऊ ते अकरा महिने तीन-चार वेळा, दर वेळी तोच अर्धा कप, आणि मधे भूक असेल तर एक-दोनदा काहीतरी छोटं. वर्षानंतर पाऊण ते एक कप. अर्धा कप म्हणजे सव्वाशे मिली. आपली आमटीची वाटी साधारण दीडशेची असते, मोठी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे काठोकाठ वाटी हे तुमच्या लेकीच्या मापापेक्षा जास्तच आहे, आणि अर्धी वाटी ती स्वतःहून खातेय हे अजिबात वाईट नाही. शिवाय या वयात पोटात एका वेळी मावतं ते किलोमागे तीसेक मिली, आठ किलोच्या बाळाच्या पोटात २४० मिली आणि त्यात अंगावरचं दूधही आलं. खाण्याच्या जरा आधी पाजलं असेल तर वाटीला जागाच नाही, मग ओकणारच.

पण मला काळजी वाटते ती वाटीत काय आहे याची. अंगावर पिणाऱ्या बाळाला या वयात वरच्या खाण्यातून दिवसाला ३०० कॅलरी लागतात. एक सपाट चहाचा चमचा तांदळाचं पीठ म्हणजे जेमतेम दहा-बारा कॅलरी. एक-दोन चमचे पिठाची वाटीभर पेज केली तर बाळाचं पोट पाण्याने भरतं आणि अंगाला काहीच लागत नाही. वरणाच्या पाण्याचंही तेच, डाळ राहते खाली आणि आपण भरवतो वरचं पिवळं पाणी. डाळ द्या, दाट. कालवलेलं चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा, ते चमच्यावर बसून राहिलं पाहिजे, ओघळून खाली गेलं तर पातळ आहे. वर एक चहाचा चमचा तूप घातलंत की पंचेचाळीस कॅलरी वाढल्या आणि वाटीत जागाही गेली नाही.

दातांची वाट बघू नका, हिरड्यांनी छान चावतात. मिक्सर आता बंद करायची वेळ आहे. गाठी असलेलं खाणं दहा महिन्यांच्या पुढे लांबलं तर नंतर खाण्याच्या तक्रारी जास्त दिसतात, मूल तीन वर्षांचं झालं तरी पोळीचा तुकडा थुंकतं. हाताने कुस्करा, उकडलेल्या रताळ्याची, बटाट्याची बोटभर फोड तिच्या हातात द्या, चोथा करेल, अंगाला फासेल, करू दे.

नाचणी चांगलीच आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. पण फडक्यातून गाळून सत्त्व काढताना कोंड्याबरोबर बरंच काही जातं. आता बाळ मोठं झालं, मोड आणून वाळवून दळलेलं अख्खं पीठ वापरा. मोड आणल्याने अजून एक होतं, धान्यात तयार होणारं एन्झाइम पिठातला स्टार्च फोडतं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घातलं तरी लापशी गोळा होत नाही, बाळाला गिळता येते.

आणि लोह. जन्मताना बाळाकडे जो साठा असतो तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह फार कमी. तुमच्या लिहिण्यात अंडं, चिकन, मासे यातलं काहीच दिसलं नाही. खात असाल तर लगेच चालू करा. खात नसाल तर डाळी, मूग, मसूर, पालेभाजी रोज आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली देतात. तुम्हाला सांगितलंय का हे डॉक्टरांना विचारा, मनाने सुरू करू नका.

तोंड फिरवलं, ओठ मिटले म्हणजे ती स्पष्ट सांगतेय की बास. तिथे थांबायचं. कधी, कुठे, काय हे आपण ठरवायचं आणि किती ते तिने. मोबाईलसमोर पोट भरलंय हे तिचं तिलाच कळत नाही.

गिरगावची_आजी:
वरच्या ताईंनी फार नीट सांगितलंय. मी फक्त सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द सांगते बाळ. आमच्या वेळी पातळ देण्यामागे भीती असायची, घशात अडकेल, पोट बिघडेल, आणि वाटी रिकामी झाली की आपण आपलं काम केलं असं वाटायचं. त्यांना चूक दाखवायला जाशील तर दुखावतील. ऑफिस सुरू व्हायच्या आधी रोज एक वेळचं दोघी मिळून करा आणि भरवताना तू नुसती शेजारी बस.

मी नातवाला गुरगुट्या भात करते. दोन मुठी तांदळाला एक मूठ मुगाची डाळ, लाल भोपळ्याची एक फोड, हळद हिंग, कुकरमध्ये आपल्या भाताच्या वर छोट्या डब्यात ठेवायचं, पाणी जरा सढळ. शिजलं की गरम असतानाच डावाच्या पाठीने घोटायचं, मग ताटलीत काढून वर तूप सोडून बोटांनी कालवायचं. बोटांना लगेच कळतं कण राहिलाय की मऊ झालंय, किती गरम आहे ते. मिक्सरला ते कळत नाही. लहान लहान घास करून ताटलीच्या कडेला ठेवते, तो एक स्वतः उचलतो एक मी भरवते. मेतकूट भातही छान लागतो, दह्यात कुस्करलेली मऊ पोळीपण.

कोळीवाड्यातली:
मासे खात असाल तर माझ्याकडून एक. पापलेट किंवा रावस घ्या, हळद लावून वाफवायचं, मीठ-मसाला नाही. मधला काटा काढल्यावरसुद्धा मांस बोटांच्या चिमटीत घेऊन चुरून बघायचं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बारीक काटा बोटालाच लागतो. मग भातात कालवायचं. मांदेली वगैरे बारीक काट्यांचे मासे बाळाला नकोत, मोठी सुरमई पण आत्ता नको, मोठ्या माशांत पारा जास्त असतो. सुकट, सुके बोंबील खारवलेले असतात ते तर अजिबातच नाही. पहिल्यांदा सकाळी द्या, थोडंसं, अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर दिवसाउजेडी डॉक्टर गाठता येतो.

बाबा_लोकलवाला:
घट्ट सुरू करताय तर घरातल्या सगळ्यांनी घशात अडकल्यावर काय करायचं ते शिकून घ्या, आजींनीसुद्धा. खोकतंय, आवाज येतोय, चेहरा लाल झालाय तर खोकू द्यायचं, बोटं घालून काढायला जायचं नाही. आवाजच येत नाही, निळं पडतंय तर पालथं हातावर, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब, असं आलटून पालटून, आणि दुसऱ्या माणसाने १०८ लावायचा. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, कच्चं गाजर, सफरचंदाची कच्ची फोड घरात कोणी हातात देणार नाही हे बघा. पाहुणे देतात, प्रेमाने देतात. बाळ बसलेलं असतानाच भरवायचं, रांगत असताना मागे मागे फिरून नाही. प्लीज हे हलक्यात घेऊ नका.

लेकीची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे, वाचताना डोळे भरून आले. आजींचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या उद्या भोपळा आण. आम्ही अंडं आणि मासे खातो, तिला कधी दिलं नव्हतं. अजून दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मीठ-साखर नाही घातलं तर चव कशी येणार असं घरात म्हणतात. गुटीतून मध द्यायचे तो चालतो का? दाण्याचं कूट? आणि मी नसताना दुधाचं काय, आणि सकाळी करून ठेवलेलं दुपारी चालेल का?

आहाराचं_बोला:
मध वर्षापर्यंत अजिबात नाही, गुटीतून बोटभर चाटवायलाही नाही. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडू शकतात. मीठ आणि साखर वर्षापर्यंत वरून घालू नका, तिला अजून मिठाची सवयच नाही त्यामुळे आळणी म्हणजे काय तेही माहीत नाही. चवीला जिरं, हिंग, कोथिंबीर, लिंबू, कढीपत्त्याची पूड, काहीही घाला. चहात बुडवलेलं बिस्कीट नको, साखर पोटात जाते आणि चहा लोह शोषू देत नाही. दाण्याचं कूट चालतं, पीठासारखं बारीक करून भातात किंवा लापशीत मिसळून, अख्खे दाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत. त्वचेवर जोरात एक्झिमा असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी आली असेल तर दाणे देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

दूध काढून ठेवत असाल तर लगेच फ्रीजमध्ये, आत चार दिवस टिकतं, आपल्या हवेत ओट्यावर तासन् तास ठेवू नका. गाईचं-म्हशीचं दूध पिण्यासाठी वर्षापर्यंत थांबा, दही चालेल. निघायच्या आधी पाजा, आल्याबरोबर पाजा, रात्रीचं चालूच राहू दे.

शिजवलेलं दोन तासांच्या वर बाहेर नको, मुंबईत तर नकोच. सकाळी कुकर लावलात की दुपारचा भाग लगेच वेगळ्या डब्यात फ्रीजमध्ये, देताना वाफ येईपर्यंत गरम करून मग कोमट करून. उष्टी वाटी परत ठेवायची नाही.

सकाळी नऊच्या सुमारास लापशी, साडेबाराला गुरगुट्या भात किंवा मासा-भात, चारला केळं किंवा चिकू कुस्करून, सहाला उकडलेल्या अंड्याचा बलक बटाट्यात, आणि तुम्ही आलात की तुमच्याबरोबर ताटलीतलं वरण-पोळी. वाटीत अर्धीच वाढा, संपली आणि तिने तोंड पुढे केलं तर अजून घाला. बसल्यापासून अर्ध्या तासात उठायचं. दोन महिने वजन वाढलंच नाही, लघवी कमी झाली, सारखी मरगळलेली दिसली, डोळ्यांच्या आतली पापणी फिकट वाटली किंवा रोज ओकतेय, तर मात्र थांबू नका, दाखवून या.

लेकीची_आई:
हो, हे सगळं कागदावर लिहून फ्रीजवर लावते. रविवारी पापलेट आणतोय.