मानफलकावरील ‘ज. शं. संस्कृत’ म्हणजे नाना शंकरशेटांचेच पारितोषिक ना?

माजी विद्यार्थिनी: आमच्या मुलींच्या शाळेत जिन्याजवळ जुना सागवानी मानफलक आहे. त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेल्या नावांपैकी दोघींच्या पुढे ‘ज. शं. संस्कृत’ एवढेच लिहिलेले आहे. शाळेच्या स्मरणिकेसाठी मी या नोंदींवर टिपण लिहीत आहे. हे पारितोषिक नाना (जगन्नाथ) शंकरशेटांच्याच स्मरणार्थ दिले जाते ना, आणि मुलींच्या शाळेच्या दृष्टीने त्याचे काही वेगळे महत्त्व आहे का?

संस्कृत शिक्षिका: होय, तेच. नानांचे निधन १८६५ साली झाले. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास ही शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी मॅट्रिकला पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा तीही त्यांनाच मिळाली होती. पुढे मॅट्रिकची परीक्षा शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली, तरी हा मान टिकून राहिला. माझ्या विद्यार्थिदशेत निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात बोर्डात पहिला कोण हे पाहिल्यावर घरातील वडीलधारी माणसे लगेच ‘शंकरशेट कोणाला?’ असे विचारत.

इतिहासाचा अभ्यासक: महत्त्वाच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या टिपणाचा गाभा तिथेच आहे. १८४९ च्या सुमारास मुलींना शिकवण्यास समाजाचा कडवा विरोध असताना नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. मात्र त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ज्या विद्यापीठाच्या परीक्षेला जोडली गेली, त्या विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८८३ मध्ये, आणि पुण्यातील हुजूरपागा हायस्कूल सुरू झाले १८८४ मध्ये. म्हणजे ज्यांच्या वाड्यात मुली अक्षरे गिरवू लागल्या, त्यांच्याच नावाच्या शिष्यवृत्तीपासून मुली आरंभीची कितीतरी वर्षे दूरच राहिल्या. तुमच्या फलकावरील त्या दोन नावांकडे मी या दृष्टीने पाहतो आणि मला ती फार मोलाची वाटतात.

संस्कृत शिक्षिका: एक सूचना करते. हे शाळेने दिलेले पारितोषिक नव्हे, त्यामुळे टिपणात ‘शाळेचे बक्षीस’ असे लिहू नये. ‘जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती’ असे पूर्ण नाव द्यावे आणि परीक्षेचे वर्ष फलकावरून न घेता शाळेच्या निकालपत्रकावरून पडताळून घ्यावे, कारण फलक पुन्हा रंगवताना आकडे चुकलेले मी पाहिले आहेत.

माजी विद्यार्थिनी: आपणा दोघांचे मनापासून आभार. सोमवारी कार्यालयात जाऊन जुनी निकालपत्रके पाहते. फलकावरची आद्याक्षरे काढून पूर्ण नाव रंगवावे, अशी विनंतीही मुख्याध्यापिकाबाईंना करणार आहे.